लेथच्या मोटरला ड्रम स्विच लावला तर स्टार्टर काढून टाकता येतो का?

जुना लेथ, ३ एचपीची थ्री फेज मोटर, सहा टर्मिनलांचा ड्रम स्विच (मोटर सुलट-उलट फिरवायचं हँडल), जोडणी कशी करायची, हे तुम्ही सविस्तर विचारलंय. आणि शेवटी हळूच, ‘मग स्टार्टर काढून टाकला तर चालेल ना?’ मी लिहायला बसलोय ते त्या शेवटच्या ओळीमुळं.

नाही चालणार.

कोल्हापूरला उद्यमनगरात मामाचं वर्कशॉप होतं. लेथला नुसता ड्रम स्विच, मोटर चालू-बंद करणारा बटणांचा स्टार्टर नाही. मामाचं म्हणणं, ‘हँडल टाकलं की फिरतंय, मधी आणलं की थांबतंय, अजून काय पाहिजे?’ २००७ सालचा उन्हाळा, लोडशेडिंग जोरात. मी एका शाफ्टवर आटे पाडत होतो. हाफ नट, म्हणजे आटे पाडताना टूलला ओढणारी पकड, न सोडता टूल पुढं-मागं करायचं, म्हणून रिव्हर्स लागतोच. मध्येच लाईट गेली. बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, तरी लाईट नाही. म्हटलं तोवर जॉब काढून दुसरा बांधू. जॉब धरणाऱ्या चकमध्ये चावी घातली, जोर लावला, आणि नेमकी त्या क्षणाला लाईट आली. हँडल फॉरवर्डलाच होतं.

चावी बेडवर आपटली आणि उडून पत्र्याला लागली. तिच्यावर माझा उजवा हात होता. अंगठा आजही पुरता वळत नाही, शर्टाचं वरचं बटण डाव्या हातानं लावतो.

ड्रम स्विच म्हणजे हँडल आणि आत एकमेकांना भिडणाऱ्या पट्ट्या. लाईट गेली काय न् आली काय, त्याला पत्ता नसतो. स्टार्टरमधली कॉइल आतले संपर्क धरून ठेवते, लाईट गेली की सोडते, आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी मामाशी वर्षानुवर्षं भांडलो. तो म्हणायचा, हँडल तू मधे आणलं नाहीस. मी म्हणायचो, जाताना तूच शेवटचा लेथपाशी होतास. खरं काय ते आता दोघांनाही आठवत नाही. पण माणूस विसरणार हे धरूनच वायरिंग करायचं असतं, हे त्याला कधी पटलं नाही.

तर जोडणी. मेन स्विच, मग ओव्हरलोड रिलेसकट (जास्त करंट गेला की मोटर बंद करतो तो) डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट लाईनवर चालू करणारा, मग ड्रम, मग मोटर. ड्रमचं कुठलं टर्मिनल कुठं भिडतं यासाठी नेटवरच्या चित्रावर जाऊ नका, मेकप्रमाणे आकडे बदलतात. वायरी जोडण्याआधी मीटर बझरवर (जोड असेल तर वाजतो त्या खुणेवर) ठेवून हँडल एकदा इकडं, एकदा तिकडं टाका आणि कागदावर लिहून काढा. एक फेज दोन्हीकडं तशीच राहते, उरलेल्या दोन आपसांत बदलतात. रिव्हर्स म्हणजे एवढंच. अर्थिंग स्विचमधून न्यायचं नाही, सरळ मोटरच्या आणि लेथच्या बॉडीला. मोटरच्या वायरी स्टारमध्ये जोडायच्या की डेल्टामध्ये, ते मोटरच्या प्लेटवर बघा. रिलेचा आकडाही तिथल्याच अँपिअरवर ठेवा.

हो, आणि स्टार्टर लावला म्हणून चकमध्ये चावी किंवा हँडल फॉरवर्डला सोडून जायचं नसतं, हँडलबद्दलचं ते मामाचं बरोबरच होतं. हँडल फॉरवर्डवरून थेट रिव्हर्सला मारू नका, मधे आणून चक थांबू द्या. नाहीतर करंट इतका ओढतो की रिले ट्रिप होईल किंवा पट्ट्या जळतील. तुमचा लेथ जुना आहे म्हणता, तर स्पिंडलला चक आट्यांवर बसवलेला आहे का ते आधी बघा. तसा असेल तर झटक्यात रिव्हर्स मारल्यावर तो सुटून अंगावर येऊ शकतो. हे खरं तर वर लिहायला हवं होतं.

मामानं शेवटी स्टार्टर बसवला. माझ्या अंगठ्यामुळं नाही. दोन वर्षांनी एक फेज गेली, मोटर घुमत राहिली आणि जळाली. रिवाइंडिंगचं बिल हातात आलं त्याच संध्याकाळी तो स्वतः जाऊन स्टार्टर घेऊन आला.