पाच साइटींची साखळी नको, भाऊ

संत्र्याची कलमं विकायला, गूगलवर वर दिसावं म्हणून पाच फुकट ब्लॉग काढून एकमेकांना लिंका द्यायच्या म्हणतोस? नको करू. ती लिंक व्हीलची युक्ती कधीकाळी चालायची. एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं पेंग्विन नावाचा, बनावट लिंका पकडणारा बदल आणला अन् अशा साखळ्या धडाधड आपटल्या. वरुडात बसून मीही सात ब्लॉग रंगवले होते. हाती भोपळा.

एकाच साइटच्या आतल्या लिंका मात्र आजही कामाच्या. त्या धरूनच गूगल नव्या पानापर्यंत पोचतं, पान कशाबद्दल आहे तेही त्याला कळतं. तुझ्या डिंक्या रोगाच्या पानावर खुंटाचा विषय निघाला, की तिथंच ‘रंगपूर लाइमच्या खुंटावरची कलमं’ या शब्दांना लिंक दे. ‘इथे क्लिक करा’ लिहिलं तर ना गिऱ्हाइकाला कळत, ना गूगलला.

सध्या एवढंच:
- डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एकच.
- प्रत्येक पानाला दुसऱ्या पानावरून वाट हवी. नवशिक्यांचं घोडं इथंच अडतं. पान लिहितात अन् अनाथ सोडून देतात.
- ‘हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून येणाऱ्या लिंका) स्वस्तात’वाल्याचा फोन येईलच. ठेवून दे.

सर्च कन्सोल आजच लाव, तुझी पानं गूगलवर कशी दिसतात ते दाखवणारं गूगलचंच साधन, फुकट आहे. सायलो, कॅनॉनिकल वगैरे पुढच्या तांत्रिक गोष्टी राहू दे. दहा पानं झाली की सांग, मग बघू.