पंचेचाळिसावा नंबर

प्रश्न: माझी नात ऑस्टिनजवळच्या सरकारी शाळेत आहे. अकरावीअखेर ८०० मुलांत तिचा ४५वा नंबर आला. २०२६ साली तिला ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जायचंय. जावई म्हणतात, पाच नंबरांनी हुकलं. पूर्वी पहिल्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरळ घेत ना?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर: काका, जावयांचा हिशेब बरोबर आहे. दहा टक्क्यांचा कायदा १९९७चा. प्रवेश देताना वंश बघायला कोर्टानं आदल्या वर्षी मनाई केली, म्हणून ही वाट काढली. शाळा आडगावची असो की शहरातली, वरच्या दहा टक्क्यांत आलात की राज्याच्या विद्यापीठात जागा पक्की. मग ऑस्टिनला अशी झुंबड उडाली की दुसऱ्या कुणाला घ्यायला जागाच उरेना. २००९ साली फक्त ऑस्टिनला मुभा मिळाली, की राज्यातल्या मुलांच्या जागांपैकी ७५ टक्केच अशा भरायच्या. त्यात बसेल तेवढीच टक्केवारी ते ठरवतात. काही वर्षं ती ६ होती, २०२६साठी ५ केली. ८००चे ६ टक्के म्हणजे ४८, ५ टक्के म्हणजे ४०. पोरगी एक वर्ष आधी जन्मली असती तर सुटली असती!

पण सुटली असती म्हणजे किती? इथे अठ्ठावीस वर्षं काढलेली मी सांगते, ती हमी फाटकापुरतीच. आत कुठल्या खोलीत बसवायचं ते वेगळं ठरतं. कॉम्प्युटर सायन्सला चाळिसाव्या नंबरच्या मुलालाही निबंध, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि शाळेबाहेर काय केलं यावरच झगडावं लागतं. ती स्पर्धा तुमच्या नातीला तशीही चुकली नसती. अर्जाची शेवटची तारीख १ डिसेंबर, पण १५ ऑक्टोबरच्या आत भरला तर निकाल लवकर कळतो. टेक्सस ए अँड एम या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठाला अजून दहा टक्केच चालतात, तिथे ती सहज बसते. इंजिनिअरिंगची चाळणी मात्र तिथेही निराळी.

आणि 'मला कॅप मिळाली' असा तिचा फोन आला तर लगेच पेढे आणू नका. ती आपली कॅप राउंड नव्हे. ऑस्टिननं नाही म्हटलेल्या मुलांनी एक वर्ष सॅन अँटोनियो किंवा आर्लिंग्टनसारख्या भावंड विद्यापीठात काढायचं, ३० क्रेडिट आणि ४ पैकी ३.२ सरासरी आणायची, मग ऑस्टिन. तीही हमी कला शाखेचीच.