अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली, आता पुढे काय?

प्रश्न : माझे पती मराठा लाइट इन्फंट्रीतून चोवीस वर्षांच्या सेवेनंतर 2019 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने उच्च रक्तदाबासाठी 30 टक्के अपंगत्व ठरवले. मात्र हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारल्याने अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली. नेहमीची पेन्शन चालू आहे. त्या वेळी आम्ही अपील केले नाही. आता काही करता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : करता येईल, आणि अवश्य करावे. आपल्या पतींना सेवा पेन्शन मिळतेच आहे. मागायचा आहे तो अपंगत्व घटक, म्हणजे अपंगत्वापोटी तिच्याव्यतिरिक्त मिळणारी रक्कम. त्यासाठी अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते आणि त्याचा सेवेशी संबंध असावा लागतो. पहिली अट पूर्ण झालेली आहे. घोडे अडले आहे ते केवळ शेऱ्यापाशी.

या शेऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग प्रकरणातील 2013 चा निकाल महत्त्वाचा आहे. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो पुढे उद्भवला तर सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरायचे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नसून सरकारवर आहे, असे त्यात स्पष्ट केले आहे. म्हणून मेडिकल बोर्डाची पूर्ण कागदपत्रे बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी अर्ज करून मागवा. त्यांतील नेमणुकांच्या तक्त्यात कोणते ठाणे शांतता क्षेत्रात (नेहमीच्या छावणीत) होते आणि कोणते फील्डमध्ये (सीमेवरील किंवा खडतर भागात), हे ठिकाणांसह लिहिलेले असते. आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला, एवढेच कारण बोर्डाने दिले असेल, तर त्याआधीच्या फील्डमधील वर्षांकडे बोट दाखवा. कारण न देता मारलेला शेरा टिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपिलाची सहा महिन्यांची मुदत उलटली असली, तरी उशिराची कारणे देऊन लष्कराकडे अपील दाखल करावे. तेथे दाद न मिळाल्यास सैनिकांच्या सेवा आणि पेन्शनविषयक तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. पेन्शन दरमहा नाकारली जात असल्याने हा चालू राहणारा अन्याय मानला जातो; परंतु तरसेम सिंग प्रकरणातील 2008 च्या निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे विलंबाचा प्रत्येक महिना आपल्याच खिशातून जातो.

रक्कम किती, हेही पाहू. शेवटचे वेतन 40,000 रुपये होते असे धरले, तर 100 टक्के अपंगत्वासाठी त्याच्या 30 टक्के, म्हणजे दरमहा 12,000 रुपये होतात. 30 टक्के अपंगत्वाचे 3,600 झाले असते. पण 50 पेक्षा कमी टक्केवारी 50 धरण्याचा नियम आहे, आणि राम अवतार प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. त्यामुळे 6,000 रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता मागावा. अर्जात ही मागणी स्वतंत्रपणे लिहा. अनेकांच्या अर्जांत नेमकी तीच राहून जाते.

प्रश्न : मी माजी सैनिक असून सेवेत असताना उजवा पाय गुडघ्याखाली गमावला. अपंगत्व पेन्शन मिळते, पण दिव्यांगांच्या इतर सवलतींसाठी लष्कराचे कागद चालत नाहीत, असे सांगून परत पाठवले जाते.
– एक वाचक, कामोठे

उत्तर : मेडिकल बोर्डाची टक्केवारी पेन्शनसाठी असते, दिव्यांगांच्या नागरी सवलतींसाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशेष ओळखपत्र) लागते, आणि बहुतेक लाभांना किमान 40 टक्क्यांची अट असते. ते ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयातील तपासणीनंतर मिळते. कामोठे, खारघर, पनवेल हा भाग नवी मुंबई म्हणून ओळखला जात असला तरी रायगड जिल्ह्यात मोडतो. म्हणून मदतीसाठी आपले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याचे नसून अलिबागचे आहे. ऐरोली, वाशी, नेरूळच्या वाचकांनी मात्र ठाण्यालाच जावे. कृत्रिम पाय ढिला झाला असेल किंवा टोचत असेल, तर तसाच वापरत राहू नका. पुण्यातील लष्कराच्या कृत्रिम अवयव केंद्रात माजी सैनिकांसाठी तो बसवण्याची आणि बदलण्याची सोय आहे.