तिसऱ्या दिवसाच्या भेटीआधी

कळवा, ठाणे

प्रिय लेकी,

तुर्भ्याच्या त्या बाळंतिणीबद्दल काल फोनवर म्हणालीस, "सिस्टर, तिला दूधच नाही." बाळ दोन दिवसांचं. अगं, दुसऱ्या दिवशी भरभरून दूध नसतंच. असतो तो चीक, एका वेळी जेमतेम चमचाभर, आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढा पुरतो.

गरोदरपणातच स्तन तयार झालेले असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दूध थोपवून धरतं. वार पडली की ते झपाट्यानं उतरतं आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या हार्मोनला वाट मोकळी होते. तरी दूध चढायला दोन ते चार दिवस जातात. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेलीला कधी जास्तही.

सासूबाई चीक पिळून टाकायला सांगतात ना? त्यांना विचार, गावी गाय व्याली की खरवस कोण टाकून देतं? गाईच्या चिकाचं एवढं कौतुक, मग आपल्या लेकराच्या वाट्याचा का टाकायचा? रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्यात खच्चून भरलेली असतात.

आता पान्ह्याचं. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ते बाहेर आणतं ऑक्सिटोसिन हे दुसरं हार्मोन. वासरानं ढुशी दिल्याशिवाय गाय पान्हावत नाही, तसंच हे. भीती, दुखणं, अपमान यांनी पान्हा आखडतो. त्या दहा बाय दहाच्या खोलीत चार जणी "हिला दूध नाही" म्हणत बसल्या, तर पान्हा फुटणार कसा? आधी त्यांना चहाला बाहेर ने. पाजताना ओटीपोटात कळ येते, तीही ऑक्सिटोसिनचीच. गर्भाशय आवळतं, रक्तस्राव आवरतो. हे तिला सांग, नाहीतर घाबरून ती बाळाला बाजूला करेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी घरच्यांच्या आग्रहाला मान तुकवून मी एका बाळाला डब्याचं दूध दिलं होतं. पोट भरलं, बाळ झोपलं, आईला ओढलंच नाही. स्तन रिकामे झाले नाहीत की शरीर दूध कमी बनवतं. आठवड्याभरात तिचं दूध खरंच आटलं. ते मला अजून लागून राहिलंय.

मध, साखरपाणी, गुटी काही नको. उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने फक्त अंगावरचं.

उद्या बाळाच्या घरी तुझी तिसऱ्या दिवसाची भेट आहे, वजनकाटा ने. जन्माच्या वजनापेक्षा थोडं कमी भरेल, घाबरू नकोस; दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव. बाळानं तोंड मोठं उघडून बोंडासकट काळा भाग धरलाय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, ते खाली बसून नीट बघ. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायला सांग. सहाव्या दिवसापासून लघवी सहा वेळा तरी हवी. बाळ मलूल असेल, ओढत नसेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, तर कुणाचं ऐकत बसू नकोस, रिक्षा कर आणि रुग्णालय गाठ.

संध्याकाळी वजन किती भरलं ते कळव.

तुझी,
सिस्टर