‘हरकत नाही’ म्हणजे परवानगी नव्हे

देवगडच्या दादांनी विचारलंय की मंडळाच्या २४ मुलांना गोव्यातलं, मडगावच्या फातोर्ड्याचं फुटबॉल स्टेडियम आतून दाखवायचं आहे, सोबत कुणीतरी समजावून सांगणारं हवं. एका कार्यालयाचं ‘हरकत नाही’ असं पत्र हातात आहे. शनिवारी तिथे सामना आहे, तर एका दगडात दोन पक्षी होतील का?

वाचलं आणि पोटात गोळा आला. अगदी हेच पत्र, याच दोन शब्दांचं, माझ्याही पिशवीत होतं. म्हणून एरवी नुसती वाचून पुढे जाणारी मी आज लिहायला बसले.

आधी माझ्याबद्दल. मी सावंतवाडीजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. फुटबॉलचा संघ माझ्याकडे आला, कारण दुसरं कुणी घेईना. तेव्हा मला जाणकार वगैरे समजू नका. नियम बदलतात, माणसं बदलतात, माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा आहे. पालकांची संमतीपत्रं, सहलीची शाळेची कागदपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, मुलांमागे किती मोठी माणसं, यावर काही लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत असणारच.

आता मुद्दा. ‘आपल्या विनंतीस या कार्यालयाची हरकत नाही’ हे वाक्य नीट वाचा. त्यात कुणी कुणाला काही देत नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही गेलात तर आम्ही भांडायला येणार नाही. दार उघडणारा माणूस वेगळा, चावी वेगळी, आणि तुमचं पत्र त्याच्यापर्यंत गेलेलंच नसतं. मी गणिताची बाई, एकेका चिन्हासाठी मुलांचे गुण कापते, पण हे वाक्य मी ‘परवानगी मिळाली’ असं वाचलं. पत्राची झेरॉक्स काढून सूचनाफलकावरसुद्धा लावली.

ते कार्यालय कुठलं, कुठल्या राज्यातलं, हे सांगणार नाही. स्टेडियमचं नव्हतं आणि तिथे खेळणाऱ्या क्लबचंही नव्हतं, एवढं पुरे. तिथे तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला शाळेचा गोल शिक्का अर्धवट उमटला होता म्हणून अर्ज परत. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला आवक क्रमांक पडला, पण मी ज्या तारखेला जाणार त्या तारखेला तिथे काय आहे, हे टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. चूक माझीच म्हणा, पण ज्यांचं कामच ते आहे त्यांनी एक फोन फिरवला असता तर? जाऊ दे. रक्तदाब वाढतो.

तर आम्ही ३१ मुलं घेऊन, त्यात ९ मुली, एसटीची प्रासंगिक कराराची गाडी करून, पहाटे निघून फातोर्ड्याला पोचलो. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाला, “आयज मेळचें ना. फाल्यां मॅच आसा.”

आज मिळायचं नाही, उद्या सामना! आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की सामन्याच्या आदल्या दिवशी स्टेडियम म्हणजे मांडव घातलेलं लग्नघर असतं. पाहुण्या संघाचा सराव असतो, प्रक्षेपणवाल्यांच्या केबली पसरलेल्या असतात, जाहिरातींचे फलक लागत असतात, दिवे तपासायचे असतात. इमारत सरकारी असली तरी त्या दोन-तीन दिवसांत आत कोण जाणार हे सामन्याचे आयोजक ठरवतात, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात त्यांचं ओळखपत्र लागतं. माझ्या पत्राची तिथे रद्दीइतकीही किंमत नव्हती. रक्षकाचा मला आजही राग नाही. त्याने स्वतःची खुर्ची मला दिली आणि मुलांना पाण्याचा नळ दाखवला. मुलं भिंतीच्या सावलीत ओळीने बसली आणि सकाळी साडेदहालाच डबे उघडले. बटाट्याची भाजी आणि चपात्या. कुणी काही बोलत नव्हतं, हे जास्त लागलं.

त्या दिवसाची लाज थोडी राखली ती एका फटीने. फाटकातून, दोन स्टँडच्या मधून, मैदानाची एक पट्टी दिसत होती. नेमकी गोलसमोरची. तिथे दोन माणसं रेघा मारत होती. एकाने पेनल्टीच्या ठिपक्यावर खुंटी धरली होती, दुसरा ताणलेल्या दोरीच्या टोकाला रंगाचं चाक ढकलत पेनल्टी बॉक्सच्या बाहेरचा तो अर्धचंद्र काढत होता. दोरी सैल झाली की थांबायचा, मागे यायचा, पुन्हा ताणायचा. माझी एक सातवीतली मुलगी म्हणाली, “मॅडम, ह्यो तर कंपास!”

मग मी तिथेच धुळीत काडीने आकृती काढली. फुटबॉलची मापं मुळात वारात (यार्डात) आहेत, मीटरमध्ये ती विचित्र दिसतात. ठिपका गोलरेषेपासून १२ वारांवर, बॉक्सची रेघ १८ वारांवर, म्हणजे मधे ६ वार. ठिपक्यापासून अर्धचंद्राची त्रिज्या १० वार, आपल्या आजीच्या नऊवारीपेक्षा एक वार जास्त. आता पायथागोरस लावा. १०० वजा ३६ म्हणजे ६४, त्याचं वर्गमूळ ८. म्हणजे अर्धचंद्राचं प्रत्येक टोक ठिपक्यातून सरळ येणाऱ्या रेषेपासून बरोबर ८ वारांवर येतं. आणि गोलच्या दोन खांबांमधलं अंतर? तेही ८ वार, मीटरमध्ये ७.३२. म्हणजे बॉक्सच्या रेघेवर तो अर्धचंद्र बरोबर दोन गोल मावतील एवढा रुंद. वर्गात हे प्रमेय शिकवताना अर्धी मुलं खिडकीबाहेर बघतात. इथे एकतीसच्या एकतीस माना काडीकडे. (विषय सोडून गेले खरी, पण तुमच्या मंडळात कुणी शाळामास्तर असेल तर त्याला हे जरूर सांगा.)

दुसऱ्यांदा गेलो फेब्रुवारीत, मधल्या वारी, पुढेमागे आठवडाभर सामना नाही अशी तारीख बघून. तेव्हा आत गेलो आणि तासाभराहून जास्त वेळ राहिलो. काय वेगळं केलं, तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे “परवानगी कोण देतं?” हे विचारणं सोडलं. “त्या दिवशी चाव्या कुणाकडे असतात?” एवढंच विचारत गेले. दोन-तीन फोनांत तो माणूस सापडला. त्याला अर्जाची प्रत पाठवली, तारखेच्या चार दिवस आधी फोन केला, आदल्या संध्याकाळी पुन्हा केला. तो वैतागला असेल. वैतागू दे.

दुसरं, अर्जात ‘स्टेडियम पाहण्यास मिळावे’ असं लिहू नका. तसं लिहिलंत तर तुम्हाला स्टँडमधल्या खुर्च्या दाखवून परत पाठवलं तरी अर्ज मंजूरच ठरतो. ड्रेसिंग रूम, तिथून मैदानावर येणारा बोगदा, राखीव खेळाडूंचा बाक, पत्रकारांची खोली, असं एकेक नाव घालून लिहा. मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं ठेवण्याची विनंती वेगळ्या ओळीत लिहा. एरवीच्या दिवशी स्टँडखालची स्वच्छतागृहं कुलूपबंद असू शकतात, आणि हे आयत्या वेळी कळणं फार वाईट.

मार्गदर्शकाचं विचारलंत. युरोपातल्या मोठ्या क्लबांसारखं तिकीट काढा, कानाला यंत्र लावा, असं काही आम्हाला तरी मिळालं नाही. आम्हाला फिरवलं ते तिथल्या विजेचं काम बघणाऱ्या एका काकांनी. माझं ठाम मत आहे की सूटबूटवाल्यापेक्षा असाच माणूस मिळावा. बर्फाच्या टबात खेळाडू कसे ओरडतात ते त्यांनी करून दाखवलं. पण तारखा, सामन्यांचे निकाल हे त्यांचं काम नाही. ते तुम्ही घरून तयार करून न्या, नाहीतर मुलांना ती नुसती एक मोठी इमारत दिसते.

मी काय नेलं होतं आणि आज गेले तर काय नेईन, ते देते. स्टेडियम १९८९ सालचं, सरकारी नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, पण रिक्षावाल्याला फातोर्डा एवढंच सांगा. आज सुमारे १९ हजार माणसं बसतात. पूर्वी इथे क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही व्हायचे. २०१० मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाला. आपल्याकडचे काही जण तिकिटं काढून गेले होते, ते अजून सांगतात.

मुलांना रंगवून सांगायला २० डिसेंबर २०१५ चा दिवस घ्या. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, घरचा संघ एफसी गोवा, प्रशिक्षक ब्राझीलचा जुना नामवंत खेळाडू झिको. ८७व्या मिनिटाला गोव्याने २-१ आघाडी घेतली, सगळं स्टेडियम उभं. आणि शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या चेन्नईयिन संघाचे दोन गोल, त्यातला एक गोव्याच्याच गोलकीपरकडून स्वतःच्या जाळ्यात. सामना ३-२ गेला. ज्या गोलपाशी तुमची मुलं उभी राहतील तिथे हे सांगा. तुमचा गोलकीपर जरा गप्प होईल.

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० हरवलं ते याच मैदानावर. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने अमेरिकेला ४-१ हरवलं तेही इथेच. पुढे विजेता ठरलेल्या त्या संघात फिल फोडेन होता, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. मुलं त्याला मोबाईलवरच्या खेळातून ओळखतात. आणि मुली असतील तर हे विसरू नका, २०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने इथे झाले. पहिल्या खेपेला माझ्या ९ मुली ‘मॅडम आल्या म्हणून आलो’ अशा होत्या. तेव्हा हे सांगायला नव्हतं, याची मला हळहळ आहे.

रोनाल्डोचं विचारतीलच. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा अल नस्र संघ इथे एफसी गोवाशी खेळून २-१ जिंकून गेला, पण तो स्वतः आलाच नाही. आमच्या गावची तीन पोरं सात नंबरचे शर्ट घालून गेली होती. त्यांच्यासमोर हा विषय काढत नाही.

गवताबद्दल आधीच सांगून ठेवा, पाय ठेवायचा नाही. आम्हाला कडेच्या पट्ट्यावरून फिरवलं. एवढ्या लांबून जाऊन चेंडूला लाथ मारायची नाही म्हणजे मुलांना शिक्षाच वाटते. म्हणून परतताना म्हापशात दुलेरचं मैदान आहे, तिथे कृत्रिम गवत आहे, खेळायला मिळेल का ते आधी विचारून ठेवा. तुम्ही देवगडकडे परतताना ते वाटेवरच येतं. आम्ही ते केलं नाही आणि मुलांनी परतीच्या प्रवासात सीटच्या मधल्या बोळात कागदाचा बोळा लाथाडला. कंडक्टर माझ्यावर ओरडला.

कोकणकन्येने जाण्याचं कुणी सुचवेल. वेळ सोयीची आहे खरी, मुंबईहून रात्री निघालेली गाडी सकाळी मडगावला पोचते आणि संध्याकाळी तिथूनच परत निघते. पण आरक्षण नसेल तर २४ मुलं जनरलच्या डब्यात चढवण्याचा विचारही करू नका. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेही बघा. आणि “आलोच आहोत तर कोलव्याला समुद्रावर जाऊ” असं म्हणणारा एक पालक प्रत्येक सहलीत असतो. देवगडच्या मुलांना समुद्र दाखवायला मडगावला न्यायचं? त्याला गाडीत मागच्या सीटवर बसवा.

शनिवारबद्दल आता तुम्हीच ओळखलं असेल. सामना बघायचा तर तिकिटं काढून सामनाच बघा, तोही सुंदर अनुभव आहे. आतून बघायचं तर वेगळा दिवस काढा. दोन्ही एका दिवशी साधणारा कुणी असेल, त्याची ओळख माझ्यापेक्षा मोठी.

आमच्या दुसऱ्या फेरीत शेवटी राखीव बाकावर सगळ्यांना एकेक मिनिट बसू दिलं. जो मुलगा सगळ्या मोसमात राखीवच राहिला होता, तो आधी लांब उभा होता. मग मला विचारतो, “मॅडम, हयसर बसान बघू काय?” आणि बसला तो उठेना. काकांनीही उठवलं नाही.

तुमचं ‘हरकत नाही’चं पत्र नाव-नंबर खोडून इथे टाकलंत तर बघून सांगते की कुणाकडे जायला हवं. मात्र मार्चच्या आत तारीख धरा. नंतर परीक्षा लागतात, आणि मग मला उत्तर द्यायला सवड नसते.