फिनिक्सच्या नोकरीला होकार कळवण्यापूर्वी

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरच्या चिप कारखान्यातली नोकरी घ्यावी की कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराची, हे ठरवण्यासाठी तू पगार, घरभाडे आणि करांचा जो तक्ता पाठवलास, तो मी नीट वाचला. आकडे बरोबर आहेत आणि त्यात मला काही भर घालायची नाही. उन्हाच्या रकान्यात मात्र तू एवढेच लिहिले आहेस, की ‘मी अकोल्याची आहे, सवय आहे.’ हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

अकोल्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे खरे. नुसते कमाल तापमान पाहिले तर फिनिक्स परिसर तुला फारसा परका वाटणार नाही. तिथला उच्चांक ५० अंशांचा असून तो २६ जून १९९० रोजी नोंदला गेला. खरा फरक आहे तो उन्हाळ्याच्या लांबीचा. आपल्याकडे मृग लागला की आभाळाकडे डोळे लागतात आणि जून सरता सरता माणसाची सुटका होते. तिथे जून सरतो तेव्हा उन्हाळा ऐन भरात येतो. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा रोज ४३.३ अंश किंवा त्याच्या वर गेला, आणि २०२४ साली मेअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग ११३ दिवस कमाल तापमान ३७.८ अंशांच्या खाली उतरलेच नाही. तिथेही पावसाळा म्हणून एक हंगाम असतो, परंतु वर्षभराचा पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर, म्हणजे अकोल्याच्या पावसाच्या पाव हिश्शाइतका, आणि त्या हंगामातली वादळे पुष्कळदा पाण्याऐवजी मैलोन्‌मैल पसरलेली धुळीची भिंत घेऊन येतात.

दुसरा फरक रात्रीचा. दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहते. १९ जुलै २०२३ रोजी फिनिक्सचे किमान तापमान ३६.१ अंश होते. आपल्या घरांत संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून, गच्चीवर गाद्या घालून उन्हाळ्यावर जी तोड काढली जात असे, तिचा अशा रात्री काहीही उपयोग होत नाही. तुझी सवय ही दुपार सोसण्याची सवय आहे. या शहरात दुपार सोसावी लागतच नाही, कारण माणूस घरातून गाडीत आणि गाडीतून कार्यालयात थंड हवेतच वावरतो. सोसावे लागते ते चार-साडेचार महिने बंद दारांच्या आड राहणे, आणि त्याची सवय अकोल्यात कुणालाच नसते.

इथे तुझ्या तक्त्यातली मुख्य उणीव आहे असे मला वाटते. त्यात फायदा आणि किंमत एकाच माणसाच्या नावावर मांडली आहे. वास्तविक चांगला पगार, आवडीचे काम आणि बारा महिने एकाच तापमानाला ठेवलेला कारखाना हे तुझ्या वाट्याला येईल. उन्हाळ्याची किंमत प्रामुख्याने तुझा नवरा आणि दोन वर्षांचे मूल मोजतील. तुझ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसामुळे त्याला पहिली काही वर्षे नोकरी करता येणार नाही, म्हणजे दिवसभर घर आणि मूल सांभाळणारा तोच. सांता क्लारात जुलैच्या दुपारी बाबागाडी घेऊन उद्यानात जाता येते. चँडलरमध्ये त्या वेळी घसरगुंडीला हात लावला तर चटका बसतो, आणि मुलाला गाडीतल्या खुर्चीत बांधण्याआधी पट्ट्याचे बक्कल आपल्या बोटाने चाचपून पाहावे लागते. डांबर ७० अंशांपर्यंत तापते आणि त्यावर नुसते पडल्यामुळे भाजलेले रुग्ण दर उन्हाळ्यात तिथल्या रुग्णालयांत येतात. मुलांनी बाहेर खेळायचे ते सकाळी सातच्या आत. जूनमध्ये साडेपाचच्या आधीच उजाडते, त्यामुळे ते अशक्य नाही, पण सगळ्या घराचे घड्याळ त्याप्रमाणे फिरवावे लागते. दुसरी गाडी आणि नवऱ्याचा वाहन परवाना या गोष्टी तू ‘पुढे पाहू’ या सदरात टाकल्या आहेस. त्या पहिल्या महिन्यातच झाल्या पाहिजेत. अन्यथा तो घरात अडकेल, आणि अडकलेला माणूस तक्रार करतोच असे नाही.

घर पाहताना खोल्यांच्या संख्येपेक्षा आधी पश्चिमेच्या खिडक्या मोज. मोठी काच पश्चिमेला असेल, तर कितीही थंडगार दाखवले तरी ते घर घेऊ नकोस. एसीचे यंत्र किती जुने आहे आणि त्याची देखभाल कोण करतो, हे भाडेकराराच्या आधी लेखी विचार. यंत्र बंद पडते ते बहुधा ऐन जुलैत, कारण त्याचा कपॅसिटर, म्हणजे मोटर चालू करणारा विजेचा भाग, उष्णतेनेच जातो, आणि त्याच आठवड्यात गावातल्या निम्म्या घरांतून कारागिराला बोलावणे गेलेले असते. २०२३ साली मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स आणि चँडलर ज्या जिल्ह्यात येतात तिथे, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत उघड्यावर राहणारे पुष्कळ होते, परंतु जे घरात दगावले त्यांच्यापैकी बहुतेकांकडे चालू स्थितीतला एसी नव्हता. विजेचे दर अनेक योजनांत दुपारनंतर चढतात, म्हणून जाणती कुटुंबे सकाळीच घर जास्त थंड करून ठेवतात आणि महागड्या तासांत यंत्राला विश्रांती देतात. गाडीची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, हेही खर्चात धर.

पाण्याविषयी तू काही विचारलेले नाहीस. खारपाणपट्ट्याच्या कडेला वाढलेल्या आणि नळाच्या पाळीचे दिवस मोजलेल्या मुलीने ते विचारायला हवे होते, असे मला वाटून गेले. या शहरांची पाण्याची बाजू वर्तमानपत्री मथळ्यांत दिसते तितकी वाईट नाही, आणि घरे विकणारे सांगतात तितकी निर्धास्तही नाही. सॉल्ट नदीवरचे रूझवेल्ट धरण १९११ पासून उभे आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून पंपांनी चढवत आणले जाते, मात्र १९६८ च्या कायद्यानुसार टंचाईत या कालव्याचा क्रमांक मागचा लागतो. नदीवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यातून ५,१२,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे ६३ कोटी घनमीटर, पाणी कापले गेले. टंचाई कशी वाटून घ्यायची याचे २००७ चे नियम २०२६ अखेरीस संपतात, त्यामुळे पुढच्या काळात झळ कमी होईल असे धरून चालू नकोस. चँडलरसारख्या शहराकडे सॉल्ट नदी, कोलोरॅडो, भूजल आणि शुद्ध केलेले सांडपाणी असे अनेक आधार आहेत. खरा धोका आहे तो शहरांच्या कडेला, हद्दीबाहेर वसलेल्या वस्त्यांना. नव्या वसाहतीने शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी, असा तिथे नियम आहे, आणि केवळ भूजलाच्या जोरावर अशी हमी यापुढे मिळणार नाही, असे राज्याने जून २०२३ मध्ये फिनिक्स परिसरापुरते जाहीर केले. रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीतली कित्येक महागडी घरे टँकरवर जगत होती. १ जानेवारी २०२३ पासून शेजारच्या स्कॉट्सडेल शहराने त्यांना पाणी देणे थांबवले आणि शेवटी कायदा करून तात्पुरती सोय लावावी लागली. तेव्हा घर विकत घेण्याची वेळ आली, तर तीस मैल दूरच्या स्वस्त बंगल्यापेक्षा जुन्या शहराच्या हद्दीतले लहान घर घे.

आईवडिलांना आपण सवयीने मे ते सप्टेंबर या काळात बोलावतो. इथे तो बेत सरळ उलटा कर आणि त्यांना नोव्हेंबर ते मार्चमध्ये आण. तुझ्या बाबांना मधुमेह आहे, म्हणून आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. तिथल्या मातीतल्या बुरशीमुळे धुळीवाटे व्हॅली फीवर नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. तो बहुतेकांना सौम्यच होतो, पण मधुमेही आणि गरोदर स्त्रियांना अधिक त्रासदायक ठरू शकतो आणि न्यूमोनिया समजून त्यावर भलतेच उपचार होत राहतात. खोकला आणि थकवा लांबला, तर डॉक्टरांकडे या आजाराच्या तपासणीचा आग्रह धर.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. नोव्हेंबर ते मार्च हा काळ असा असतो, की माणूस उन्हाळ्याचे सगळे माफ करतो: स्वच्छ ऊन, दुपारी वीस अंशांच्या आसपासची हवा आणि मार्चमध्ये अंगणातल्या संत्र्यांच्या फुलांचा वास. शेवगा आणि कढीपत्ता दारात होतो, कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात. भूकंप किंवा चक्रीवादळाची धास्ती नाही. उन्हाळ्यात शनिवार-रविवार सुटका हवी असेल, तर अडीच तासांवर २,१०० मीटर उंचीचे फ्लॅगस्टाफ आहे. राज्याचा आयकर सरसकट २.५ टक्के, तर कॅलिफोर्नियात तुझ्या पगाराचा वरचा भाग ९.३ टक्क्यांच्या टप्प्यात जाईल. घरांच्या किमतीतला फरक तू मांडलाच आहेस. उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत तिथे नसल्यामुळे भारताशी वेळेचे अंतर वर्षभर साडेबारा तासच राहते, याचे मोल आईला रोज फोन करणारीलाच कळेल.

माझा कौल विचारशील तर चँडलरकडे आहे, पण नवऱ्याने मनापासून होकार दिला तरच, आणि तो होकार त्याने तिथला जुलै पाहून दिला असला पाहिजे. कंपन्या उमेदवारांना फेब्रुवारीत बोलावतात, तेव्हा ते शहर सगळ्यांनाच आवडते. तू रुजू होण्याची तारीख ऑक्टोबरमध्ये मागून घे आणि त्याआधी जुलैच्या शेवटी तिघे मिळून आठवडाभर जाऊन या. हॉटेलात न राहता भाड्याच्या घरात राहा आणि त्यातले दोन दिवस तू कारखान्याच्या भेटीगाठींना जा, म्हणजे घर आणि मूल त्याच्याकडे राहील. परत आल्यावर उन्हाचा रकाना त्याला भरायला सांग आणि मग तक्ता मला पुन्हा पाठव.

तुझा,
काका