रेकॉर्डिंग मे महिन्यावर टाकू नकोस

पोरी, अनेक आशीर्वाद.

आठवड्याला सोळा तास शिकवायचं, वर पेपर तपासणी आणि परीक्षेची ड्यूटी, म्हणून पीएच.डी.चं सगळं ईईजी रेकॉर्डिंग मे महिन्यात उरकायचं, असं तू ठरवलंयस. तसं करू नकोस. तुझं काम ग्रंथालयात बसून होणारं असतं तर मीही हो म्हटलं असतं. पण मेंदूच्या लहरी मोजणाऱ्याला सोलापूरचा मे परवडत नाही.

पारा चाळिशीपार जातो. टाळूला घाम सुटला की इलेक्ट्रोडखालचं व्होल्टेज हळूहळू सरकतं आणि पडद्यावरची रेघ जागेवर राहत नाही. तुला शोधायचा तो प्रतिसाद असतो काही मायक्रोव्होल्टचा. एसी लावलास तरी उन्हातून आलेलं मूल लगेच निवत नाही. शिवाय मेमध्ये मुलं भेटणार कुठे? मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याची पोरं परीक्षा संपली की गाव गाठतात. तेव्हा रेकॉर्डिंग ऑगस्ट-सप्टेंबरात घे, राहिलेलं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर जानेवारीअखेरीस. वेळ सकाळची. केस धुऊन, तेल न लावता या, हे आदल्या दिवशी पुन्हा आठवण करून सांग. मे महिना विश्लेषणाला आणि लिखाणाला ठेव.

म्हणजे ऐन सत्रात दोन्ही कामं अंगावर येणार, हे खरं. त्यासाठी टाइमटेबल करणाऱ्या सरांना जूनमध्येच भेट. इलेक्ट्रोडची टोपी बसवणं, जेल भरणं, प्रयोग, मग केस धुणं, यात दोन तास सहज जातात. मधल्या एका रिकाम्या तासिकेत काहीच होत नाही. सुट्या तासिका चार मिळण्यापेक्षा दोन सकाळी पूर्ण मोकळ्या मिळालेल्या बऱ्या. त्याबदल्यात दुपारचे तास आनंदानं घे. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींचं काम या वर्षी नको, हेही तेव्हाच स्पष्ट सांग. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षं आहेत, महिलांना आणखी दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. त्या सवलतीच्या भरवशावर आखणी करू नकोस.

आता शिकवण्याबद्दल. शिकवणं म्हणजे संशोधनातून चोरलेला वेळ, असं तुझ्या पत्रात दोनदा आलंय. मला ते पटत नाही. तुझा विषय द्विभाषिक मुलांचं अवधान आणि तुझ्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी, शाळा मराठीत शिकलेली मुलं बसतात. स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग फळ्यावर कर. हिरव्या खडूनं ‘लाल’ लिही आणि खडूचा रंग मराठीत सांगायला लाव, मुलं अडखळतील. मग तोच रंग घरच्या भाषेत सांगायला लाव. शब्द एका भाषेतला आणि उत्तर दुसऱ्या भाषेत असलं की अडखळणं सहसा कमी होतं, पण थांबत नाही. का थांबत नाही, हे मुलंच विचारतील. शहराच्या पूर्वभागातली एखादी मुलगी सांगेल की तेलुगू बोलते, पण वाचता येत नाही. तुझ्या सहभागींच्या प्रश्नावलीत बोलणं आणि वाचणं यांचे रकाने वेगळे आहेत का? नसतील तर आजच कर.

मात्र त्याच वर्गातल्या मुलांना टोपी घालायला बसवू नकोस. अंतर्गत गुण तुझ्या हातात असताना त्यांचं ‘हो मॅडम’ ही संमती धरता येत नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही विद्यार्थ्यांवरच्या अशा दबावाबद्दल इशारा आहे. दुसऱ्या विभागातली मुलं घे, नोटीस दुसऱ्या कुणाच्या नावानं लाव आणि मधेच उठून जायची मुभा आहे हे मराठीत, तोंडी सांग. यात कसूर झालेली मला चालणार नाही.

तासाच्या तयारीत रात्री जातात म्हणतेस, तर शेवटची दहा मिनिटं मुलांना वह्या मिटून आठवेल ते लिहू दे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवडाभरानं आठवून लिहिणारे पुढे गेले. स्लाइड्स कमी कर, ही दहा मिनिटं काढू नकोस. शोधनिबंध वाचतानाही हेच कर.

गणपतीआधी दोघांवर चाचणी रेकॉर्डिंग घे आणि कच्च्या फायली मला पाठव. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडांवर आठ ते तेरा हर्ट्झच्या लहरी बहुतेकांत ठळक दिसतात, हान्स बर्गरनं १९२९ साली प्रसिद्ध केल्या त्याच. दोघांतही त्या दिसल्या नाहीत तर पुढच्या मुलांना बोलावू नकोस. मी येते, आपण आधी टोपी आणि जेल तपासू.

तुझी,
मॅडम